खरवड

मुहर्रकच्या या गल्लीत आता समुद्र ऐकू येत नाही,
भराव घालून त्याला मैलभर मागे ढकललाय.
बैत खलफानच्या वरच्या मजलिसमध्ये
मी गुडघ्यांवर बसून भिंत खरवडते.
हातात सर्जनचं पातं, तोंडाला फडकं,
दिवसाला वीतभर.

लुलवाचा हुकूम साधा : एकोणीसशे आठ.
त्या साली घर पुरं झालं.
तिथवर उतरायचं आणि थांबायचं.

पूर्वेची भिंत गेल्या महिन्यात झाली.
शाळेचा चुना निघाला, (इथे चार वर्षं मुली शिकल्या म्हणे)
कमरेच्या उंचीवर तेलकट बोटांचा पट्टा.
त्याखाली काजळी.
मोत्यांचा भाव बुडाला तेव्हा खलफानच्या नातवांनी
खोल्या वाटल्या, मधे आडभिंती घातल्या,
नि नक्षीदार कमानीखाली प्रत्येकाने आपली चूल मांडली.
धूर तीस वर्षं एकाच पाकळीवर बसत राहिला.

घर तसं राजेशाही.
ओहोटीला उपटून आणलेलं प्रवाळ,
दमट दिवसांत अजून मीठ सोडतं.
कालिकतच्या सागाचं दार, त्यावर माझ्या मुठीएवढे खिळे.
खाली खजुरांची कोठी, जमिनीला पन्हळी,
पोत्यांच्या भाराने पाक आपसूक ओघळायचा.
आणि छताला आफ्रिकेच्या खाजणातले वासे.
ते दहा फुटांहून लांब मिळत नसत,
म्हणून एवढ्या मोठ्या धन्याचीही खोली दहाच फूट रुंद.

मंगळवारी पश्चिमेच्या भिंतीवर
कुणा भाडेकऱ्याच्या हौसेचा गुलाबी रंग सुटला
आणि हिरव्या ऑइलपेंटवर पेन्सिल दिसली.
मला आधी वाटलं भेगा आहेत.
मग भेगांना काने-मात्रे फुटले.

मेस. ऑगस्ट ७९.
मुकादम इब्राहिम : तांदूळ, दीड दिनार.
तोरसकर : गॅस. बाकी.
डिमेलो : सुरमई. स्वतः पकडली, हिशोबात धरू नये.
सारंग हुसेन : पाच उसने, बहिणीच्या लग्नाला.
त्यापुढे दुसऱ्या हातचं : फिटले.
आणि दोन आडव्या रेघा,
इतक्या दाबून की रंगाचा टवका उडालेला.

"वाच," लुलवा म्हणाली.
मी वाचलं, तीन भाषांची मोट बांधत.
सुरमईपाशी ती हसली.
"आणि हे शेवटचं?"
मी सांगितलं, फिटलं म्हणजे काय.

ती कोनाड्याकडे बघत राहिली.
तिचा पणजोबा या घरासाठी बुडी मारायचा,
नाकाला चिमटा, पायात दगड, एकवीस मोसम.
कर्ज रुपयांत असायचं, तुमच्याच रुपयांत, म्हणाली.
तो गेला तेव्हा वहीत त्याच्या नावाखाली
मुलाचं नाव लिहिलं, आकडा तोच.
वही त्या कोनाड्यात असायची,
पितळी चाळण्यांच्या शेजारी.
"तुझ्या १९०८ मध्ये त्याचं काही सापडलं?"

तुझ्या, म्हणाली. साल तिचं होतं.
"फुलं सापडली," मी म्हटलं. "आठ पाकळ्यांची."

फाइलीत एक रकाना आहे :
नंतरची भर, काढून टाकणे.
तिने पेन उघडलं, बराच वेळ तसंच धरलं,
टोपण लावलं. म्हणाली, जेवू या.

आडभिंत पाडलेल्या जागी, फरशीवरच बसलो.
तिच्याकडे मचबूस होता, भांड्यासकट आणलेला.
तळाला लागलेला करपट भात ती चमच्याने ओरबाडत होती,
खर्र, खर्र,
पात्यासारखाच आवाज.
"हकूका," ती म्हणाली, "घरात यावरून भांडणं होतात."
"आमच्याकडेही. खरवड."
तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला,
'ड'पाशी अडखळली,
आणि मोठा तुकडा माझ्या झाकणात ठेवला.

दुपारी मी दाराची चौकट साफ करायला घेतली.
तिचं काम तसं पुढच्या महिन्यात होतं.